श्रीगाडगेबाबा आणि मुक्या जिवांचे अभय

श्रीगाडगेबाबांची जयंती आली म्हणजे शाळेतल्या मुलांच्या हाती झाडू येतो, पटांगण लोटले जाते आणि पोरं घरी जातात. हे चांगलेच आहे. पण सकाळी पटांगण झाडणारा पोरगाच संध्याकाळी बोळात निजलेल्या कुत्र्याला धोंडा मारतो, हे आम्ही बोदवडात डोळ्यांनी पाहतो. म्हणून मुलांपुढे बोलावयास बोलाविले म्हणजे आम्ही बाबांच्या चरित्राची दुसरी बाजू सांगतो. तीच येथे भाविक वाचकांपुढे ठेवितो.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुळात झाला. नाव डेबूजी, वडील झिंगराजी, आई सखूबाई. वडील दारूपायी खचले व लहानपणीच लेकराला पोरके करून गेले. माउली पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुरीस माहेरी आली. आमच्या बोदवडाहून रेल्वेने पूर्वेस निघाले की मलकापूर, शेगाव, अकोला मागे टाकून मूर्तिजापूर लागते. एकाच लोहमार्गावरचा तो मुलूख, परका नव्हे. तेथे मामाची गुरे राखणे हीच डेबूची शाळा. आम्ही पाठशाळेत अमरकोश घोकला, शब्दरूपे घोकली. पण गुरांमागे ऊनपाऊस खाल्लेल्या पोराला जनावराची तहान नि भीती जितकी कळते, तितकी पोथीवाल्याला कळत नाही, हे मानावेच लागते.

पुढे लग्न झाले, संसार झाला. मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मटण नि दारू हवी होती. डेबूजीने गोडाचे जेवण घातले. भाऊबंदांना ते रुचले नाही. पण माझ्या घरच्या आनंदासाठी दुसऱ्याचा जीव का जावा, हा त्याचा रोकडा सवाल होता. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा नि फुटके गाडगे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे.

त्यांचे कीर्तन आमच्यासारखे नव्हे. पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट नाही, संस्कृत श्लोक नाही. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. देवाला नवस म्हणून बकरे-कोंबडे कापणाऱ्यांना ते असे काही कोंडीत धरीत की माणूस हसता हसता गप्प होई. १९३१ साली वरवंडे येथे त्यांच्या उपदेशाने पशुहत्या बंद झाली. त्याआधी १९२५ साली मूर्तिजापुरात त्यांनी गोरक्षणाचे काम उभे केले, धर्मशाळा व विद्यालयही बांधले.

कोणी म्हणेल, गाईचे ठीक, पण गावभर हिंडणाऱ्या कुत्र्याचे काय? बाबांच्या उपदेशाची जी दहा कलमे प्रसिद्ध आहेत, त्यांत भुकेल्याला अन्न नि तहानेल्याला पाणी यांबरोबर पशू, पक्षी व मुके प्राणी यांना अभय सांगितले आहे. तेथे जात लावलेली नाही. आणि आपण वारकरी तर भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणाऱ्या नामदेवरायांचे! तहानलेल्या गाढवाला गंगेची कावड पाजणाऱ्या नाथांचे!

अभय म्हणजे भयाचा अभाव. तो दोन्हीकडून लागतो, हे मुलांना नीट समजावे लागते. नुसती दया शिकवून पोरांना चावऱ्या कुत्र्यापुढे सोडणे हा शहाणपणा नव्हे. जेवत्या कुत्र्याजवळ, पिलांच्या आईजवळ जाऊ नये. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, निश्चळ उभे राहावे. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. पिसाळरोग एकदा अंगात उठला की वैद्य हात टेकतो. म्हणून घरी मार पडेल या भीतीने पोराने चावा लपविता कामा नये. हे आम्ही मुलांना दोनदा सांगतो आणि आईबापांना तीनदा.

झाडूचेही तसेच. शिळे अन्न प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उकिरड्यावर फेकले की मोकाट गाय ती पिशवीसकट गिळते आणि पोट फुगून मरते. २०१८ साली राज्यात अशा पिशव्यांवर बंदी आली, तरी उकिरडे पाहून घ्या! बाबांचा खराटा आणि बाबांची भूतदया वेगळी काढता येत नाही ती अशी.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ बाबांनी देह ठेविला. शाळा, धर्मशाळा, सदावर्ते मागे राहिली. स्वतःसाठी घर बांधले नाही.

जयंतीनंतर खानदेशात ऊन चढू लागते. म्हणून आम्ही मुलांना एकच काम लावून देतो. घरातले काठ फुटलेले मातीचे गाडगे फेकू नये. ते शाळेच्या कुंपणाबाहेर सावलीत मांडावे, रोज सकाळी आधीचे पाणी ओतून नवे भरावे. कुत्रे पीत असता जवळ उभे राहू नये. पाळी लावून घ्यावी, सुट्टीतसुद्धा.