पेटीतलं बाळ आणि दाराबाहेरची आई

मंडळी, दिवाळी अंकात चरित्र म्हटलं की आपल्याला टिळक, आगरकर नाहीतर पु. ल. आठवतात. मी मात्र एका फ्रेंच डॉक्टरांची गोष्ट सांगणार आहे. त्यांचं नाव पिएर ब्युदँ. मी पडलो कॉम्प्युटरवाला, वैद्यकाशी माझा संबंध शून्य. पण आमची मुलगी तिसाव्या आठवड्यातच जन्माला आली आणि पाच आठवडे एनआयसीयू हेच आमचं दुसरं घर झालं. रात्री झोप लागायची नाही, म्हणून वाचत बसायचो. त्या वाचनात हे गृहस्थ भेटले.

ब्युदँ यांचा जन्म १८४६ चा, उत्तर फ्रान्समधल्या एका लहानशा खेड्यातला. पॅरिसला ते डॉक्टर झाले. तिथे त्यांना स्तेफान तार्निए हे गुरू लाभले. या तार्निएंनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात आलं, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अशीच ऊब दिली तर? १८८०-८१ च्या सुमारास पॅरिसच्या मॅटर्निटी हॉस्पिटलात तशा पेट्या आल्या. दोन किलोच्या आतल्या बाळांचं मृत्यूचं प्रमाण तिथे ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आलं!

गुरूंनी बाळाकडे पाहिलं, शिष्याने बाळाबरोबर आईकडेही पाहिलं. १८९२ मध्ये ब्युदँ यांनी शारिते हॉस्पिटलमध्ये तान्ह्या बाळांसाठी वेगळा दवाखाना सुरू केला. बाळंतीण घरी गेली म्हणजे डॉक्टरचं काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही. आया बाळांना नियमित घेऊन यायच्या. वजन व्हायचं, त्याची नोंद व्हायची. भर सगळा अंगावरच्या दुधावर. जिला दूध कमी, तिला निर्जंतुक केलेलं दूध मिळायचं.

१८९५ मध्ये मॅटर्निटीतला अशक्त बाळांचा विभाग त्यांच्याकडे आला. मुख्य सुईण मादाम आंरी यांनी तो दोन वर्षांपूर्वी सुरू केला होता. बाळाला ऊब द्या, दूध द्या, रोगांपासून जपा, ही ब्युदँ यांची त्रिसूत्री. चोखता न येणाऱ्या बाळाला नळीने दूध जायचं. पण त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. बाळ पेटीत, आई घरी, आणि दूध पाजायला दुसरीच बाई. अशा ताटातुटीत काही आयांची त्या बाळावरची मायाच आटायची. बाळ जगायचं, पण आईला परकं व्हायचं.

ब्युदँ यांनी आईला दोष दिला नाही. त्यांनी व्यवस्था बदलली. बाळ दिसावं म्हणून काचेच्या पेटीचा आग्रह धरला. आयांना भेटायला बोलावलं, शक्य तितक्या लवकर स्वतः पाजायला सांगितलं. आपलं बाळ पुरेसं ओढत नसेल, तर दूध टिकावं म्हणून दुसऱ्या सुदृढ बाळालाही पाजा, असाही त्यांचा सल्ला असे.

हे वाचलं आणि मला माझी बायकोच दिसली. श्वास मशीन देतंय, दूध नळीतून जातंय, मग माझा इथे उपयोग काय, असं ती विचारायची. एका नर्सबाईंनी तिला हात धुवायला लावले आणि तिचा तळवा बाळाच्या डोक्यावर अलगद ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दर तीन तासांनी पंपिंगचं वेळापत्रक ती स्वतःच सांभाळू लागली.

ब्युदँ यांची व्याख्यानं १९०० मध्ये पुस्तकरूपाने आली. १९०२ मध्ये बालमृत्यूंविरुद्ध देशव्यापी संघटना उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९०७ मध्ये, साठाव्या वर्षी, ते मार्सेयला वारले.

पुढे काय झालं? पेट्या जगभर गेल्या, पण संसर्गाच्या भीतीने कित्येक हॉस्पिटलांनी आयांना दाराबाहेर ठेवलं. अमेरिकेत ही दारं नीट उघडायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. त्याच दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी पेट्या अपुऱ्या म्हणून बाळांना आयांच्या छातीशी बांधलं. तीच कांगारू पद्धत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती जन्मानंतर लगेच सुरू करावी असं सांगितलं. आपली मुंबईही मागे नाही बरं का! सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली.

आपल्या मंडळात कुणाचं बाळ पेटीत असेल तर वजन किती, डॉक्टर काय म्हणाले, हे प्रश्न जरा बाजूला ठेवा. इथे बाळंतिणीच्या मदतीला माहेर नसतं. सिझेरियननंतर तिला गाडी चालवता येत नाही, घरी मोठं मूल असतं. तिला हॉस्पिटलात नेऊन सोडा, मोठ्याला दोन तास सांभाळा, गरम वरणभाताचा डबा पोचवा. ती बाळापाशी जितका वेळ बसेल, तितकं दोघांचंही भलं होईल.