अळंबी, रेणू आणि मारिया साबिना

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील वाहाका राज्यात, डोंगररांगांमध्ये वाउत्ला दे हिमेनेस नावाचे गाव आहे. उंची सुमारे १७०० मीटर, पावसाळ्यात सतत धुके आणि बोलीभाषा मासातेक. या परिसरात १८९४ मध्ये मारिया साबिना यांचा जन्म झाला. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि स्पॅनिशही येत नव्हती. तरीही जगातील नामांकित विद्यापीठांत नैराश्यावर ज्या सायलोसायबिन या द्रव्याच्या चाचण्या चालू आहेत, त्याचा इतिहास या बाईंच्या घरातून सुरू होतो. हेच द्रव्य जवळ सापडले, तर भारतासह बहुतेक देशांत गुन्हा दाखल होतो. एकाच पदार्थाच्या वाट्याला औषध आणि गुन्हा असे दोन्ही शिक्के कसे आले, हे त्यांच्या आयुष्यातून स्पष्ट होते.

मारिया तीन वर्षांची असताना वडील वारले. आई तिला आणि धाकट्या मारिया आनाला घेऊन माहेरी आली. आजोळची गरिबी मोठी. दोघी बहिणी लहान वयातच जनावरे राखायला रानात जाऊ लागल्या. त्याच सुमारास घरातील एक नातेवाईक आजारी पडला. गावातल्या जाणत्या उपचारकाने रात्रभर जागून, विशिष्ट अळंबी खाऊन आणि गाणी म्हणत त्याच्यावर उपचार केले. मारियाने ते पाहिले. पुढे रानात तशीच अळंबी दिसली, तेव्हा दोघींनी ती खाऊन टाकली. त्यांची भूक शमली, मन हलके झाले. घरच्या मोठ्यांना हे कळले, पण कोणी रागावले नाही, कारण मासातेक समाजात ही अळंबी पवित्र मानली जाई. तिला लाडाने 'पवित्र बाळे' म्हणत.

लहान वयात लग्न झाले, तीन मुले झाली आणि काही वर्षांत नवरा आजाराने गेला. वैधव्याच्या काळात बहीण मारिया आना आजारी पडली. पोटात कळा येत आणि ती बेशुद्ध होई. इतर उपचार थकले, तेव्हा मारियाने स्वतः बरीच अळंबी खाल्ली, बहिणीलाही दिली आणि रात्रभर तिच्याजवळ बसून राहिली. त्या रात्री दिसलेले दृश्य त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. काही वडीलधारी मंडळी बसली आहेत, समोर एक ग्रंथ आहे आणि अक्षरओळख नसलेल्या आपल्याला तो वाचता येतो आहे. बहीण बरी झाली. तिला नेमका कोणता आजार होता आणि तो कशाने बरा झाला, हे आज कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. पण गावासाठी तेवढे पुरेसे होते. पुढे दुसरे लग्न झाले. तो नवरा दारू पिऊन मारहाण करी. त्या संसारातली बहुतेक मुले दगावली. तो गेल्यावर मारिया साबिना यांनी स्वतःला या कामाला पूर्णपणे वाहून घेतले.

आपल्याकडे आदिवासी पाड्यांवर भगताचे जे स्थान असते, साधारण तसेच त्यांचे होते. त्यांच्या पद्धतीला शिस्त होती. उपचार रात्रीच करायचे. आधी आणि नंतर चार-चार दिवस ब्रह्मचर्य पाळायचे. अळंबी जोड्यांनी मोजून द्यायची. मेणबत्ती विझवून अंधार करायचा आणि मग पहाटेपर्यंत गाणे, प्रार्थना, टाळ्या. मारियाबाई श्रद्धाळू कॅथलिक होत्या. त्यांच्या गाण्यांत ख्रिस्ती संत आणि डोंगराच्या देवता शेजारी शेजारी येत. महत्त्वाचे म्हणजे अळंबी आजारी माणसासाठी होती. मौजेसाठी किंवा देव शोधण्यासाठी ती खायची नाही, असा दंडक होता.

ही प्रथा फार जुनी आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मोपदेशकांनी अॅझ्टेक लोकांच्या अशा अळंबीची नोंद केली आणि ती सैतानाची करणी ठरवली. मग ही प्रथा डोंगरात लपली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर एका अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने अशी अळंबी मुळात नव्हतीच, असा निष्कर्ष काढला होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस काही संशोधक वाउत्लापर्यंत पोहोचले, पण बाहेरच्या जगाला त्याची फारशी खबर लागली नाही.

ती खबर नेली न्यूयॉर्कच्या एका बँक अधिकाऱ्याने. रॉबर्ट गॉर्डन वॉसन हे जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष. त्यांच्या पत्नी व्हॅलेंटिना रशियात जन्मलेल्या बालरोगतज्ज्ञ. दोघांनाही अळंबीच्या लोकपरंपरांचा छंद होता. २९ जून १९५५ च्या रात्री वॉसन आणि छायाचित्रकार अॅलन रिचर्डसन यांनी मारियाबाईंच्या विधीत भाग घेतला. वॉसन यांच्या वाट्याला अळंबीच्या सहा जोड्या आल्या. ते आजारी नव्हते. गावच्या एका अधिकाऱ्याने शब्द टाकला, म्हणून नाही म्हणता आले नाही, असे मारियाबाईंनी नंतर सांगितले. छायाचित्रे विश्वासातल्या माणसांपलीकडे दाखवू नयेत, एवढी त्यांची विनंती होती.

मे १९५७ मध्ये 'लाइफ' या अमेरिकी साप्ताहिकात वॉसन यांचा सचित्र लेख आला. त्यात बाईंचे आणि त्यांच्या जमातीचे नाव बदलले होते. पण छायाचित्रे खरी होती आणि साप्ताहिक लाखो घरांत जात होते. गाव शोधून काढायला लोकांना वेळ लागला नाही.

दरम्यान विज्ञान आपल्या मार्गाने निघाले होते. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी वाउत्लाला जाऊन अळंबीच्या जाती ओळखल्या आणि पॅरिसमध्ये त्यांची लागवड केली. तिथून नमुने स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन यांच्याकडे गेले. एलएसडीचा शोध लावणारे हेच ते रसायनशास्त्रज्ञ. प्राण्यांवरील प्रयोगांतून स्पष्ट काही कळेना, तेव्हा त्यांनी ३२ वाळलेल्या अळंब्या स्वतः खाऊन पाहिल्या. १९५८ मध्ये त्यांनी सायलोसायबिन आणि सायलोसिन ही दोन द्रव्ये वेगळी केली.

सायलोसायबिन पोटात गेल्यावर त्याचे सायलोसिनमध्ये रूपांतर होते. मेंदूत सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन ज्या संवेदकांवर काम करते, त्यांपैकी एका प्रकाराला सायलोसिन जाऊन चिकटते. अर्ध्या-पाऊण तासात परिणाम सुरू होतो आणि साधारण चार ते सहा तास टिकतो. रंग, आकार, काळ आणि 'मी' पणाची जाणीव बदलते. कोणाला अपार शांती वाटते, तर कोणाला टोकाची भीती.

१९६२ मध्ये हॉफमन स्वतः वाउत्लाला आले. सोबत पत्नी, वॉसन आणि सायलोसायबिनच्या गोळ्या. मारियाबाईंनी गोळ्या घेतल्या. परिणाम दिसायला अळंबीपेक्षा जास्त वेळ लागला, म्हणून आधी नाराजी झाली. पहाटे मात्र त्यांनी निर्वाळा दिला की, अळंबीतली शक्ती या गोळ्यांतही आहे. पावसाळा सरल्यावर अळंबी मिळत नाही, तेव्हाही आता रुग्णांना मदत करता येईल, याचा त्यांना आनंद झाला. प्रयोगशाळेतल्या द्रव्याची त्या द्रव्याच्या सर्वांत अनुभवी जाणकाराने केलेली ही परीक्षा होती.

त्यानंतरची वर्षे मात्र वाईट होती. १९६० च्या दशकात अमेरिका-युरोपातील तरुणांचे लोंढे वाउत्लाला येऊ लागले. आजार नसलेली, दंडक न पाळणारी, वाटेल तेव्हा अळंबी खाणारी ही मंडळी पाहून गाव बिथरले. पोलीस आले, पुढे लष्कराने परदेशी लोकांना हुसकावून लावले. राग निघाला तो मारियाबाईंवर. गावाचे गुपित विकल्याचा ठपका त्यांच्यावर आला. त्यांचे घर जाळले गेले, त्यांना काही काळ अटकही झाली. मासातेक लेखक आल्व्हारो एस्त्रादा यांनी त्यांच्याच भाषेत त्यांची जीवनकहाणी ऐकून १९७७ मध्ये ती प्रसिद्ध केली. परके लोक आल्यापासून अळंबीतली ताकद गेली, ही खंत त्यांनी त्यात बोलून दाखवली आहे.

या लाटेला सरकारांनी कायद्याने उत्तर दिले. अमेरिकेने १९७० च्या कायद्यात सायलोसायबिनला सर्वांत कडक वर्गात टाकले. या वर्गाचा अर्थ, गैरवापराचा धोका मोठा आणि वैद्यकीय उपयोग मान्य नाही. १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानेही तेच केले आणि संशोधन जवळपास थांबले. या करारात एक बारीक गोष्ट आहे. यादीत नावे रसायनांची आहेत, अळंबीचे नाव नाही. शिवाय लहान समाजगट परंपरेने धार्मिक विधीत ज्या रानटी वनस्पती वापरतात, त्यांच्यापुरती सवलत मागण्याची मुभा देशांना होती. मेक्सिकोने ती घेतली. इतर देशांनी आपापले अर्थ लावले. नेदरलँड्सने २००८ मध्ये अशा अळंबीवर बंदी घातली, पण तिच्या जमिनीखालच्या गाठी यादीत घातल्या नाहीत. त्या दुकानांत विकल्या जात राहिल्या.

भारताचा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. त्याच्या यादीत सायलोसायबिन आणि सायलोसिन दोन्ही आहेत. वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठी परवानगीची वाट कायद्याने ठेवली आहे, मौजेसाठी नाही. याच कायद्यात गांजाच्या व्याख्येतून झाडाची नुसती पाने आणि बिया वगळल्या आहेत. म्हणून पानांची भांग राज्यांच्या कायद्यांखाली येते. परंपरेला कुठे जागा द्यायची, हे प्रत्येक देशाने आपल्या प्रथांकडे पाहून ठरवले, असा याचा अर्थ.

हा कायदा लागू झाल्यानंतर आठच दिवसांनी, २२ नोव्हेंबर १९८५ रोजी, मारिया साबिना वाहाका शहरातील रुग्णालयात वारल्या. वय ९१. त्यांच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिका जगभर पोहोचल्या होत्या, चेहरा प्रसिद्ध झाला होता, पण त्या शेवटपर्यंत गरीबच राहिल्या.

एकविसाव्या शतकात संशोधन पुन्हा सुरू झाले. २०१६ मध्ये अमेरिकेतील दोन विद्यापीठांनी कर्करोगाच्या रुग्णांची चिंता आणि नैराश्य यांवर सायलोसायबिनचा उपयोग होऊ शकतो, असे दाखवले. २०२२ मध्ये इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २३३ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेने तीन आठवड्यांनंतर नैराश्य कमी झालेले आढळले. पण काही रुग्णांत आत्महत्येचे विचारही नोंदले गेले. ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना हे औषध देण्याची मुभा दिली आहे. या चाचण्यांची रीत पाहण्यासारखी आहे. आधी रुग्णाची तयारी, ठरलेली मात्रा, शांत खोली, डोळ्यांवर पट्टी, संगीत आणि पूर्ण वेळ शेजारी बसलेली प्रशिक्षित माणसे. मारियाबाईंच्या अंधाऱ्या खोलीत हे सारे होते. विज्ञानाने आधी तिथून फक्त रेणू उचलला. त्याच्याभोवतीची काळजीही तितकीच महत्त्वाची आहे, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

त्या काळजीशिवाय ही अळंबी धोक्याची आहे. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया अथवा बायपोलर आजार असेल, तर एका मात्रेनेही मानसिक आजार उफाळू शकतो. नशेत अपघात होतात. रक्तदाब वाढतो, हृदयरोग्याला ते जड जाऊ शकते. सर्वांत मोठा धोका ओळखण्यातल्या चुकीचा. पावसाळ्यात उगवणाऱ्या काही विषारी भूछत्रांत यकृत निकामी करणारे विष असते. त्याची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी दिसतात. मग उलट्या-जुलाब थांबून बरे वाटू लागते आणि आत यकृत मात्र खराब होत राहते. म्हणून रानातली अनोळखी अळंबी खाऊन त्रास झाला, तर बरे वाटण्याची वाट न पाहता, उरलेली अळंबी सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. मासातेक डोंगरातले जाणते कोणती अळंबी कोणती हे पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले आहेत. सहलीला गेलेल्या पर्यटकाकडे ते ज्ञान नसते आणि कायद्याचे संरक्षणही नसते.