149 कवट्या आणि इरावती कर्वे

जात आणि वंश यांचा खेळ नुसता पोथीपुराणांवर चालला असे नाही. एकोणिसाव्या शतकापासून त्याला विज्ञानाचा अंगरखाही चढवला गेला. अंगरखा ओळखायचा कसा, हे समजून घ्यायला एका मराठी बाईचे आयुष्य उपयोगी पडते. तिने तो कारखान्यातच पाहिला होता.

इरावती कर्वे यांचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात मिंजान येथे झाला. इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी त्या पुण्यात हुजूरपागेत शिकायला आल्या. फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन 1926 मध्ये पदवी आणि मग मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र असे त्यांचे शिक्षण झाले. घर सवर्ण, सुशिक्षित, सुधारकी. महर्षी धोंडो केशव कर्वे त्यांचे सासरे. तरीही सून जर्मनीला जाणार म्हटल्यावर नापसंती सासऱ्यांचीच होती. पती दिनकर कर्वे पाठीशी राहिले, कर्ज काढले आणि 1928 मध्ये इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या.

ज्या संस्थेत त्या गेल्या तिच्या नावातच मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन हे तिन्ही शब्द होते. ती 1927 मध्ये सुरू झालेली. प्रमुख होते ऑयगेन फिशर. जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतीत मिश्र संततीचा अभ्यास करून त्यांनी नाव कमावले होते. वंश उच्च-नीच असतात, हे फिशर यांनी गृहीतच धरले होते. पुढे हिटलरच्या राजवटीला याच विचाराने शास्त्रीय आधार पुरवला.

इरावतीबाईंना मिळालेला विषय असा : माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू सारखी असते का? फिशर यांची धारणा होती की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, त्यामुळे त्याची कवटी असमान होते, आणि हीच त्याच्या वरचढ बुद्धीची खूण. म्हणजे उत्तर आधीच तयार होते. आकडे तेवढे जमवायचे होते.

संग्रहातल्या 149 कवट्या त्यांनी मोजल्या. काही युरोपीय लोकांच्या, काही वसाहतींतून आणलेल्या. ज्यांच्या त्या होत्या त्यांना कुणी विचारले नव्हते. मोजणी पूर्ण झाल्यावर त्यांनी निष्कर्ष लिहिला की कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, कर्जावर शिकणाऱ्या पंचविशीच्या आतल्या विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या आवडत्या सिद्धांताविरुद्ध हे लिहिणे सोपे नव्हते. पदवी फिशर यांच्याच हातात होती. ती मिळाली, पण कमी श्रेणीत.

इथे एक गोष्ट नीट पाहावी. फिशर यांच्याकडे प्रयोगशाळा होती, उपकरणे होती, तक्ते होते. मोजपट्टी खोटी नव्हती. खोट प्रश्नात होती. कवटीच्या आकारावरून बुद्धी ठरते हे कुणी सिद्ध केले होते? ते न विचारताच मोजणी सुरू झाली होती.

आपल्याकडेही हेच घडले होते. 1901 च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी भागिले लांबी असा निर्देशांक काढून जातींची उतरंड नाकावरून सांगितली. बाबासाहेबांनी 1948 मध्ये अस्पृश्य मूळचे कोण होते यावरच्या ग्रंथात याच नाकांच्या मोजमापांची उलटतपासणी केली. इरावतीबाईंचे गुरू घुर्ये यांच्या पुस्तकातले आकडे त्यांनी घेतले आणि दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. मोजमापे विरोधकांची, निष्कर्ष मात्र मोजमापांतून खरोखर निघणारा.

परतल्यावर इरावतीबाई 1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहिल्या. गावोगाव हिंडल्या, नातेसंबंधांवर 1953 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, 'युगान्त'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला. एकच नाव आणि एकच धंदा असलेले महाराष्ट्रातले कुंभारसुद्धा एका मुळाचे नाहीत, असे त्यांनी दाखवले. पण त्यांनी कॅलिपर खाली ठेवला नाही. बर्लिनमध्ये वंशाच्या उतरंडीला नकार देणारी ही बाई महाराष्ट्रात जातवार शरीरे मोजतच राहिली. मोजमापाच्या निष्कर्षावर त्यांनी शंका घेतली, मोजण्याच्या चौकटीवर तेवढी घेतली नाही. 11 ऑगस्ट 1970 रोजी त्या गेल्या. त्यांचे धैर्य मान्य करताना ही मर्यादाही सांगितली पाहिजे. व्यक्तिपूजा हीसुद्धा पूर्वग्रहच आहे.

आज मोबाईलवर डीएनएच्या नावाने कुणी मूळनिवासी ठरतो, कुणी शुद्ध रक्ताचा. गुणवत्ता रक्तात असते असे सांगणारेही अभ्यासाचा दाखला देतात. कार्यकर्त्यांनी अशा वेळी विचारावे : मोजणीआधीच उत्तर ठरले होते का? किती माणसे मोजली, कुणी निवडली? खर्च कुणी केला? उलट निकाल आला असता तर तो छापला असता का? आणि हे प्रश्न आपल्याला सोयीच्या दाव्यालाही तितक्याच कडकपणे विचारावेत. आपल्या बाजूचा खोटा आकडा आपलीच बाजू दुबळी करतो.