पत्ता सांगणारी तबकडी

ब्लूज म्हटले की घोगरा, फाटलेला आवाज, गिटारच्या तारांवर घासत जाणारी बाटलीची मान आणि काळीज पिळवटणारी आर्तता अशी प्रतिमा आपल्या मनात उभी राहते. चार्ली पॅटन किंवा सन हाऊस यांच्या बाबतीत ती खरीही आहे. मिसिसिपी जॉन हर्ट यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना मात्र ही प्रतिमा बाजूला ठेवावी लागते. हर्ट जवळजवळ बोलल्यासारखे गातात. शेजारच्या खोलीत मूल निजले असावे, अशा बेताने. त्या आवाजाखाली गिटार इतकी भरीव वाजत असते की प्रथमच ऐकणाऱ्याला वादक दोन असल्याचा भास होतो.

वादक एकच आहे. उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर आळीपाळीने ठोका देत राहतो आणि तो ठेका गाणे संपेपर्यंत ढळत नाही. तर्जनी आणि मधले बोट वरच्या तारांवर, ठोक्यांच्या मधल्या जागांत, गाण्याची चाल वाजवतात. उरलेली दोन बोटे गिटारच्या अंगावर टेकलेली. नखी नाही, बाटलीची मान नाही, नुसती बोटे. ही पद्धत हर्ट कोणा गुरूकडे शिकले नाहीत. लहानपणी हाती आलेल्या गिटारवर त्यांनी ती स्वतःच बसवली आणि आयुष्यभर तीच वाजवली.

त्यांचा जन्म मिसिसिपी राज्यातल्या कॅरोल काऊंटीत, टीऑक येथे, १८९०च्या दशकाच्या आरंभी झाला. बालपण आणि बहुतेक सारे आयुष्य जवळच्याच ॲव्हलॉन या खेड्यात गेले. हे खेडे डेल्टाच्या सपाट कापूसप्रदेशाच्या काठावर, टेकड्या सुरू होतात तिथे आहे. संगीतातही ते काठावरचेच म्हणावे लागेल. हर्ट जे वाजवत, त्यात ब्लूज होते, तसेच ब्लूजच्या आधीची नाचगाणी, खुनाच्या कथा सांगणारे पोवाड्यासारखे बॅलड आणि चर्चमधली भजनेही होती. व्यवसाय शेतमजुरीचा. शनिवारी रात्री कोणाच्या घरी नाच असला की गिटार घेऊन जायचे, इतकाच त्यांचा कलाव्यवहार. ते व्यावसायिक गायक नव्हते, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

त्याच परिसरात विली नार्मर हा गोरा फिडलवादक राहत असे. त्याचा नेहमीचा गिटारवादक आला नाही, तर तो हर्ट यांना साथीला घेई. वर्णभेदाच्या त्या काळात, त्या मुलुखात, ही साधी गोष्ट नव्हती. नार्मरला ओके या ध्वनिमुद्रण कंपनीकडून बोलावणे आले, तेव्हा त्याने कंपनीचे टॉमी रॉकवेल यांना हर्ट यांचे नाव सुचवले. १९२८च्या फेब्रुवारीत मेम्फिस येथे हर्ट यांची आठ गाणी ध्वनिमुद्रित झाली. मोठ्या थोरल्या दालनात मायक्रोफोन तोंडाशी आणून ठेवला गेला आणि जागचे हलायचे नाही अशी ताकीद मिळाली. त्यामुळे मान पुढे कित्येक दिवस दुखत होती, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. आठांपैकी बाजारात आली ती दोनच, 'फ्रँकी' आणि 'नोबडीज डर्टी बिझनेस'. तरीही वर्षअखेरीस कंपनीने त्यांना न्यूयॉर्कला बोलावले. कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या वेगळ्या 'रेस रेकॉर्ड्स' म्हणून विकण्याचा तो काळ. खप वाढावा म्हणून नावामागे 'मिसिसिपी' जोडले ते कंपनीनेच.

न्यूयॉर्कच्या त्या डिसेंबरातच 'ॲव्हलॉन ब्लूज' हे गाणे झाले. महानगरात एकट्या पडलेल्या शेतमजुराला गावाची ओढ लागली आणि तीच त्याने गायली. ॲव्हलॉन हे आपले गाव आणि ते सतत मनात असते, एवढाच त्या गाण्याचा आशय. कंपनीच्या दृष्टीने ती आणखी एक तबकडी होती.

त्या काळातली उपलब्ध ध्वनिमुद्रणे अवघी तेरा आहेत. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावणारी ही तबकडी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकलेल्या रसिकांना तीन मिनिटांत किती मावू शकते, हे सांगायला नको. 'लुई कॉलिन्स' घ्या. एका माणसाचा गोळी लागून मृत्यू होतो, गावातल्या बायका शोक करतात, देवदूत त्याला नेऊन निजवतात. विषय रक्ताचा, पण स्वर अंगाईचा. ठेका क्षणभरही जड होत नाही. गाणारा रडत नाही, ऐकणाऱ्याचे मात्र डोळे भरतात. 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज' हे जॉन हेन्री या दंतकथेतल्या कामगाराचे गाणे. इतरांनी जॉन हेन्रीच्या पराक्रमाचे गोडवे गायले. हर्ट यांच्या गाण्यातला मजूर, याच हातोड्याने जॉन हेन्रीचा जीव घेतला, माझा घेणार नाही, अशा अर्थाचे म्हणून हातोडा खाली ठेवतो आणि चालू लागतो. मला विचाराल, तर इतक्या मऊ आवाजात इतका ठाम नकार दुसऱ्या कोणत्याही तबकडीवर सापडणे कठीण.

पुढल्याच वर्षी अमेरिकेत महामंदी आली, तबकड्यांचा धंदा बसला आणि हर्ट ॲव्हलॉनच्या शेतात परतले. पुढची चौतीस वर्षे त्यांचे एकही नवे गाणे बाजारात आले नाही. मधल्या काळात, १९५२ साली, हॅरी स्मिथ यांनी फोकवेज कंपनीसाठी जुन्या तबकड्यांचा एक मोठा संग्रह सिद्ध केला आणि त्यात 'फ्रँकी' व 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज' घेतली. गायकांचा वर्ण स्मिथ यांनी मुद्दामच नमूद केला नव्हता. शहरांतली तरुण मुले ती गाणी वाजवायला धडपडू लागली. गायक गोरा की काळा, हेही त्यांतल्या अनेकांना ठाऊक नव्हते. तो केव्हाच मरण पावला असेल, असा सर्वसाधारण समज होता.

१९६३ साली वॉशिंग्टनच्या डिक स्पॉट्सवूड या संग्राहकाच्या हाती 'ॲव्हलॉन ब्लूज'ची ध्वनिफीत आली. गाण्यात गावाचे नाव होते. चालू नकाशांत ते सापडेना; एका जुन्या ॲटलासमध्ये सापडले. टॉम हॉस्किन्स हा तरुण थेट तिथे जाऊन पोहोचला आणि त्याने विचारपूस करत हर्ट यांचे घर गाठले. घरच्या ओढीने गायलेल्या गाण्याने असा घरचा पत्ता राखून ठेवला होता.

या भेटीचे वर्णन बहुधा गमतीने केले जाते. दारात उभा असलेला अनोळखी गोरा मनुष्य पोलीस खात्याचा असावा, असे हर्ट यांना वाटले आणि ते घाबरले, अशी ती गंमत. पण ॲव्हलॉनपासून थोड्याच मैलांवर मनी हे गाव आहे. एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची १९५५ साली निर्घृण हत्या झाली, ती तिथूनच उचलून नेऊन. १९६३च्या जूनमध्ये मेडगर एव्हर्स यांचा त्यांच्याच घराबाहेर खून झाला, तोही याच राज्यात. सत्तरीकडे झुकलेल्या कृष्णवर्णीय शेतमजुराच्या त्या भीतीत हसण्याजोगे काही नव्हते.

हर्ट यांच्याकडे त्या वेळी स्वतःची गिटारही नव्हती. हॉस्किन्सने आपली पुढे केली. बोटे अडखळली, पण विसरली नव्हती. सन हाऊस यांचा १९६४ साली शोध लागला, तेव्हा त्यांना त्यांचीच जुनी गाणी ॲलन विल्सन या तरुण वादकाने पुन्हा आठवून द्यावी लागली. हर्ट यांच्यावर ती वेळ आली नाही. संगीत हा त्यांचा धंदा नव्हता, त्यामुळे धंदा बुडाला तरी गाणे बुडाले नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो श्रोत्यांपुढे गायले. अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाने त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली. ते वॉशिंग्टनला राहायला आले, महाविद्यालयांत आणि कॉफी हाऊसमध्ये गाऊ लागले. 'लव्हिन स्पूनफुल' या लोकप्रिय वाद्यवृंदाचे नावही त्यांच्या 'कॉफी ब्लूज'वरूनच आलेले. मान मिळाला, थोडाफार पैसाही. मात्र ज्यांनी शोधले त्यांच्याशीच करार झाले होते आणि ध्वनिमुद्रणांच्या हक्कांचे वाद हर्ट यांच्या मृत्यूनंतर न्यायालयात गेले. या पुनर्शोधाच्या कथेत हे पान सहसा वाचले जात नाही.

जाणकारांत १९२८च्या तबकड्यांना अधिक मान आहे, आणि त्या नितळ आहेतच. तरीही व्हॅनगार्ड कंपनीने १९६६ साली काढलेली 'टुडे!' ही ध्वनिमुद्रिका त्यांच्या शेजारी ठेवून ऐकावी. दोहोंत 'लुई कॉलिन्स' आहे. तरुणपणीचे गाणे चपळ, आवाज किंचित उंच. उतारवयातला आवाज खाली उतरलेला, श्वास ऐकू येणारा, शब्दाशब्दाला थोडी अधिक सवड देणारा. पहिल्यात एक घटना सांगितली जाते. दुसऱ्यात सांगणाऱ्याने अनेकांना पोहोचवले आहे, हे जाणवत राहते. अंगठ्याचा ठेका मात्र दोन्हीकडे तोच. मला ही दुसरी आवृत्ती अधिक जवळची वाटते. प्रथमच ऐकणाऱ्यानेही तिच्यापासूनच सुरुवात करावी, कारण जुन्या तबकड्यांवरची खरखर इथे आड येत नाही.

ही दुसरी कारकीर्द जेमतेम तीन वर्षांची ठरली. २ नोव्हेंबर १९६६ रोजी मिसिसिपीतल्याच ग्रेनाडा येथे हर्ट यांचे निधन झाले. ॲव्हलॉनजवळच्या दफनभूमीत ते विसावले आहेत. त्यांच्या नातीने पुढे त्यांच्या लहानशा लाकडी घराचे संग्रहालय केले होते. २०२४ साली लागलेल्या आगीत ते भस्मसात झाले.