आसाची दमछाक मोजणारा व्होलर

एस-एन कर्व्ह काढता येत नाही असा मेकॅनिकलचा विद्यार्थी शोधून सापडायचा नाही. उभ्या अक्षावर स्ट्रेस, आडव्यावर सायकल्स, वरून घसरत येणारी रेघ, आणि पोलाद असेल तर पुढे तीच रेघ आडवी. ती आडवी झाली की व्हायव्हाला आपण बिनधास्त सांगतो की याच्या खाली कितीही फेरे द्या, तुकडा तुटणार नाही. युरोपात या आलेखाला व्होलर कर्व्ह म्हणतात. पण हा व्होलर कोण, हे विचारलं की निम्मा वर्ग युरिया बनवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाकडे बोट दाखवतो. तो फ्रीडरिश व्होलर. आपला माणूस वेगळा.

ऑगस्ट व्होलरचा जन्म २२ जून १८१९ चा, हॅनोव्हर राज्यातल्या झोल्टाऊ गावचा. हॅनोव्हरच्या तांत्रिक विद्यालयात शिकून तो बर्लिनच्या बोर्झिग इंजिन कारखान्यात लागला. बेल्जियमला जाऊन रेल्वे इंजिन चालवायलाही शिकला. पुस्तकी इंजिनियर नव्हताच तो! १८४७ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ओडर नदीवरच्या फ्रँकफर्टमध्ये एका रेल्वेच्या डबे, इंजिनं आणि वर्कशॉपची सगळी जबाबदारी त्याच्याकडे आली.

तो काळ आस तुटण्याचा होता. मे १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढून पेटले आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. कोडं असं होतं की हेच आस वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेले असायचे आणि भारही नेहमीचाच असायचा. हादऱ्यांनी लोखंडाचं स्फटिकीकरण होतं आणि ते ठिसूळ बनतं, असं पुष्कळ जण धरून चालले होते. व्होलर अंदाजात रमला नाही. त्याने धावत्या गाडीच्या आसावरच एक साधं उपकरण बसवलं. आस जितका वाके तितका ओरखडा जस्ताच्या पट्टीवर उमटे. असे सुमारे २२,००० किलोमीटर त्याने मोजले. चाकाचा व्यास १ मीटर धरा. एका किलोमीटरला साधारण ३१८ फेरे होतात, म्हणजे एवढ्या अंतरात सत्तर लाख. आणि दर फेऱ्याला आसाच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा खेचला जातो, एकदा दाबला जातो.

मग त्याने वर्कशॉपमध्येच मशीन उभारलं. फिरणारा नमुना, टोकाला भार, आणि तुटेपर्यंत मोजत राहायचं. मशीन संथ होतं, त्यामुळे एकेका नमुन्याला महिनोन् महिने लागत. १८५८ पासून तो निष्कर्ष छापत गेला, शेवटचा मोठा अहवाल आला १८७० मध्ये. तुटण्यासाठी एकदाच मोठा भार यावा लागत नाही. कमाल स्ट्रेसपेक्षा तो किती खालीवर होतो हा पल्ला जास्त घातक. जाडी जिथे एकदम बदलते तो धारदार कोपरा सगळ्यात कमजोर. आणि एका पातळीखाली लोखंड दमत नाही. गंमत म्हणजे त्याने आलेख काढलाच नाही, नुसते तक्ते दिले! पुढे श्पांगेनबर्गने ते आकडे आलेखावर मांडले आणि १९१० मध्ये बास्क्विनने लॉग स्केल वापरली.

उरलेलं आयुष्य प्रशासनात गेलं. १८७४ पासून स्ट्रासबर्गला आल्सास-लोरेनच्या रेल्वेत संचालक, १८८९ मध्ये निवृत्ती. पोलादाची प्रतवारी ठरवा, सरकारी परीक्षणशाळा काढा, असा आग्रह त्याने धरला होता. २१ मार्च १९१४ रोजी हॅनोव्हरला तो वारला.

आता ती आडवी रेघ. व्होलरने ती कोरड्या हवेत मिळवली होती. १९१७ मध्ये हेगने क्षरण आणि फटीग एकत्र आले तर काय होतं ते तपासलं, १९२० च्या दशकात मॅकॅडमने पोलादावर खूप चाचण्या केल्या, आणि पाण्यात ती रेघ आडवी होईचना! नुसती उतरतच जाते.

अणुभट्टीच्या पात्राचं पोलाद नेमकं अशाच ठिकाणी असतं. भिंत वीसेक सेंटिमीटर जाड, आत २९० अंशांच्या आसपासचं दाबाखालचं पाणी. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही उकळत्या पाण्याच्याच. आतून बहुधा स्टेनलेसचं अस्तर असतं, पण तडा पोलादापर्यंत पोचला तर पोलादावरचा मॅग्नेटाइटचा पापुद्रा तड्याच्या टोकाशी प्रत्येक ताणाला फाटतो, उघडं पोलाद विरघळतं, हायड्रोजन आत शिरतो. पोलादातले मॅंगनीज सल्फाइडचे कण विरघळून तड्यातलं पाणी आणखी बिघडवतात. इथे संथपणाच घातक. भट्टी तापवायला आणि निववायला तास लागतात, तेवढा वेळ पाण्याला मिळतो. पाण्यात ऑक्सिजन जास्त असेल तर आयुष्य दहापटीहूनही अधिक घटू शकतं.

तरी १९६३ च्या अमेरिकन कोडमधले डिझाइन कर्व्ह हवेतल्याच चाचण्यांवर बेतले होते. स्ट्रेसला २ ने, सायकल्सना २० ने भागायचं, जे कमी येईल ते घ्यायचं. हा २० चा आकडा मुख्यतः आकड्यांचा विखुरलेपणा, नमुन्याचा आकार आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा यांच्यासाठी होता. जपानात आणि अमेरिकेच्या आर्गॉन प्रयोगशाळेत गरम पाण्यातल्या चाचण्या झाल्यावर तो अपुरा पडू शकतो हे दिसलं, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने नव्या भट्ट्यांसाठी पाण्याचा वेगळा गुणक धरायला सांगितलं. त्या चाचण्या ऑटोक्लेव्हमध्ये मुद्दाम सावकाश ताणून करतात. एकेका नमुन्यासाठी महिनोन् महिने थांबावं लागतं, व्होलरसारखंच.