आल्मन स्ट्रोजर

टेलिफोनचा शोध ग्रॅहॅम बेल यांनीं लावला, हें आमच्या शाळेंतील लहान मुलांसही ठाऊक असतें. परंतु फोन मध्यस्थावांचून योग्य घरीं कसा पोहोंचावा, या प्रश्नाचें उत्तर प्रेतसंस्काराची व्यवस्था करणाऱ्या एका दुकानदारानें शोधिलें, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल.

आल्मन ब्राउन स्ट्रोजर यांचा जन्म १८३९ सालीं अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील पेनफील्ड येथें झाला. त्यांनीं कांहीं काळ शिक्षकाचें काम केलें (याचा आम्हांस थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी), यादवी युद्धांत घोडदळांत चाकरी केली आणि पुढें कॅन्सस सिटी येथें वरील धंदा मांडला.

त्या काळीं फोन करणारा एक्स्चेंजमधील बाईस हवें तें नांव सांगे. ती त्यास थांबवून ठेवी, तारेची खुंटी दुसऱ्याच्या भोंकांत बसवी, तेव्हां कोठें बोलणें सुरू होई. असें सांगतात कीं, तेथील बाईचा नवरा स्ट्रोजर यांचाच प्रतिस्पर्धी होता, आणि शोकाकुल घरांतून स्ट्रोजर यांना आलेले फोन ती त्याच्याकडे वळवी. गिऱ्हाइकें तुटूं लागलीं. पोटावरच पाय आला. दुसरी हकीकत अशी कीं, दोष बाईचा नव्हताच; दुकानाबाहेरील लोखंडी पाटी वाऱ्यानें हलून तारांस लागे व फोन बंद पडे. हें खरें असेल तर त्या बिचारीवर केवढा अन्याय झाला! शेजाऱ्याविरुद्ध साक्ष देण्याविषयींची आज्ञा वर्गांत शिकवितांना आम्हांस तिची आठवण होते.

कसेंही असो, स्ट्रोजर केवळ चरफडत बसले नाहींत. कॉलरच्या वाटोळ्या डबींत टांचण्या टोंचून त्यांनीं पहिला नमुना केला, असें म्हणतात. प्रत्येक टांचणी म्हणजे एक घर. या यंत्राच्या सुधारलेल्या रूपांत विजेच्या ठोक्यांनीं एक दांडी एकेक पायरी वर चढे, मग आडवी फिरे, आणि हव्या त्या तारेवर टेंके. १० मार्च १८९१ रोजीं पेटंट मिळालें. ३ नोव्हेंबर १८९२ रोजीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट गांवीं सुमारें ७५ वर्गणीदारांचें एक्स्चेंज सुरू झालें. फिरवावयाची तबकडी तेव्हां नव्हती. आंकड्याइतक्या वेळां कळ दाबावी लागे. तबकडी १८९६ सालीं त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली.

त्याच वर्षीं स्ट्रोजर यांनीं आपलीं पेटंटें अवघ्या १,८०० डॉलरांस विकलीं. पुढें ते फ्लोरिडांत राहिले व २६ मे १९०२ रोजीं सेंट पीटर्सबर्ग येथें वारले. आमच्या देशांतील पहिलें स्वयंचलित एक्स्चेंज सिमला येथें १९१३-१४ सालीं बसलें, तेव्हां त्यांस जाऊन अकरा वर्षें होऊन गेलीं होतीं.