कमलाबाई सोहोनी

मागच्या महिन्याच्या सभेनंतर शेजारच्या वहिनींनी मला जिन्यातच थांबविले. त्यांची मुलगी बी.एस्सी. झाली आहे, पुढे जीवरसायनशास्त्र शिकायला तिला लातूरहून नांदेडच्या विद्यापीठात जायचे आहे. वहिनींचे म्हणणे असे की हा विषय धड रसायन नाही, धड वैद्यक नाही. असल्या अधल्यामधल्या विषयात मुलीने दोन वर्षे का घालवावीत? जिन्यात मला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून ही हकीकत स्मरणिकेत देत आहे.

दुर्गाबाई भागवतांना आपण सगळ्या जाणतो. कमलाबाई त्यांच्या धाकट्या भगिनी, जन्म इंदूरचा. वडील आणि चुलते दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेत रसायन शिकलेले. आपणही तेथेच जावे हे मुलीच्या मनाने घेतले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला रसायन आणि पदार्थविज्ञान घेऊन त्या पहिल्या आल्या. (त्या वेळी निजामाच्या राज्यातल्या आपल्या नांदेड-लातुरात साधे कॉलेजही नव्हते.) बंगलोरला अर्ज गेला आणि नकार आला. कारण एवढेच, की अर्जदार स्त्री होती. संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन! वडिलांची रदबदलीही चालली नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः रामन यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हटल्या नाहीत.

प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे. काम पसंत पडल्याशिवाय त्याला मान्यता नाही. आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट मी दोनदा वाचली. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले, आणि पुढे मुलींना संस्थेचे दार उघडले. रामन यांची थोरवी मला मान्य आहे. पण कमलाबाई तो अपमान विसरल्या नाहीत. उतारवयात भर समारंभात त्यांनी तो बोलून दाखविला, हे मला आवडते.

बंगलोरला श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दुधातील व डाळींतील प्रथिनांवर काम केले. १९३७ साली केंब्रिजला गेल्या. तेथे प्रयोगशाळेत जागा नव्हती. डेरेक रिक्टर या संशोधकाने दिवसापुरते आपले टेबल दिले. पुढे रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे द्रव्य त्यांना सापडले. अन्नातून शक्ती काढण्याच्या, म्हणजे पेशीच्या श्वासोच्छ्वासाच्या कामी ते लागते. साधने रसायनाची आणि प्रश्न जिवाचा, असा हा विषय. वहिनींना अधलामधला वाटतो तो यामुळेच. जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना डॉक्टरेट दिली. विज्ञानात ती मिळविणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी त्या एक होत.

मायदेशी परतल्यावर दिल्ली, कुन्नूर, आणि १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञानसंस्था. तेथील संचालकपद मिळाले, पण फार उशिरा. नीरेच्या पोषकतेवरील कामाबद्दल राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. डाळींचा नाद मात्र सुटला नव्हता. कच्च्या डाळींत प्रथिने पचविणाऱ्या ट्रिप्सिन या पाचकरसाला अडविणारे द्रव्य असते. आपल्या खाण्यातल्या जिनसांत ते कोठे व किती, हे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन तपासले. चांगले शिजविले की त्याचा जोर बहुतांशी मोडतो. लातूर तर तुरीच्या डाळीची पेठ! सासूबाई वरण गरगटेपर्यंत शिजवायला लावीत, तेव्हा मी मनात कुरकुरत असे. चैत्रातल्या हळदीकुंकवाची वाटली डाळ मात्र मी अजूनही सोडणार नाही.

१९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहक मार्गदर्शन संस्था काढली, तीत कमलाबाई होत्या. अन्नातील भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी हे त्या गृहिणींना शिकवीत. १९९८ मध्ये दिल्लीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.

वहिनींनी हे छापण्याआधी वाचले. नांदेडच्या वसतिगृहाची फी किती, असे त्यांनी मला विचारले आहे.